डबरप्रवाह, प्राचीन
प्राचीन डबरप्रवाह : डोंगरउतारावरील दगडगोटे, वाळू, माती व चिखल यांचे पाण्याने ओथंबलेले दाट मिश्रण गुरुत्वाकर्षणामुळे एकसंधपणे व वेगाने उताराखाली वाहत जाते, तेव्हा त्या लोटाला डबरप्रवाह म्हणतात. असे लोट भूवैज्ञानिक काळातही येत असत. त्यांनी साचविलेला माल कालांतराने घट्ट होऊन त्याचे खडक बनले व ते आज प्राचीन डबरप्रवाहांचे निक्षेप म्हणून ओळखले जातात. उतार, त्यावरील सुटा माल आणि पाणी या तीन गोष्टी एकत्र आल्याशिवाय डबरप्रवाह निर्माण होत नाही. यांपैकी मालाचा पुरवठा व पाणी या गोष्टी बव्हंशी जलवायुमानावर (दीर्घकालीन सरासरी हवामानावर) अवलंबून असतात. म्हणून गतकालीन जलवायुमानातील बदल ओळखण्यासाठी या निक्षेपांचा उपयोग होतो. मात्र हा पुरावा फसवाही असू शकतो. कारण हिमनदीने टाकलेला माल व डबरप्रवाहाने टाकलेला माल दिसण्यात जवळजवळ सारखे असतात. दोहोंतील भेद कसा ओळखावा, याचे एक बोधप्रद उदाहरण महाराष्ट्रातच आहे. बल्लारपूर ज्या वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्रात मोडते, तेथील कोळशाच्या थरांखाली असणाऱ्या तालचेर शैलसमूहात ते आढळते.

निर्मिती व स्वरूप : नदीच्या नेहमीच्या पुरात पाणी हे वाहक असते व गाळ त्याच्याबरोबर वाहून जातो. डबरप्रवाहात घन पदार्थांचे प्रमाण घनफळाने निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते आणि घन पदार्थ व पाणी एकत्रच वाहतात. अशा मिश्रणाची घनता पाण्याच्या सुमारे दुप्पट असते. त्यामुळे मोठाले धोंडेही त्यात उचलले जातात व पुष्कळदा ते लोटाच्या अग्रभागी गोळा होतात. सामान्यतः २० अंशांहून अधिक तीव्र उतारावर प्रवाह सुरू होतो. एकदा गती आली, की तो पुष्कळ कमी उताराच्या प्रदेशातही दूरवर जाऊ शकतो. त्याचा वेग ताशी काही किमी.पासून ताशी ५० किमी.पेक्षाही अधिक असू शकतो. उतार मंदावला किंवा मिश्रणातील पाणी निथळून गेले म्हणजे प्रवाह जवळजवळ एकदम थांबतो व सर्व माल आहे त्या स्थितीत गोठल्यासारखा होतो.

या एकाएकी थांबण्यामुळे निक्षेपाला खास लक्षणे प्राप्त होतात. वाहत्या पाण्याने साचविलेल्या गाळात जड व मोठे कण खाली आणि हलके व बारीक कण वर अशी निवड झालेली असते. डबरप्रवाहाच्या निक्षेपात अशी निवड नसते. बारीक चिखलाच्या आधारकात लहानमोठे, कोनदार व गोलसर दगड एकमेकांना न टेकता विखुरलेले असतात. कधीकधी मोठे दगड थराच्या माथ्याकडे अधिक आढळतात. डोंगराच्या पायथ्याशी असे अनेक थर एकावर एक साचून पंख्याच्या आकाराचे शंकू तयार होतात. सरोवराच्या वा समुद्राच्या तळावरील उतारावरूनही असे प्रवाह पाण्याखालून वाहतात व त्यांचे थर बारीक गाळाच्या थरांमध्ये अडकलेले सापडतात.

जलवायुमानाशी संबंध : एखाद्या सुट्या डबरप्रवाहावरून जलवायुमानाविषयी काहीही निष्कर्ष काढता येत नाही. तो एका रात्रीच्या अतिवृष्टीने, भूकंपाने किंवा ज्वालामुखीच्या उद्रेकानेही निर्माण होऊ शकतो. कोलंबियातील नेव्हाडो देल रुईझ या ज्वालामुखीच्या १९८५ मधील उद्रेकात शिखरावरील बर्फ वितळून जे चिखलाचे लोट आले त्यांनी आर्मेरो हे शहर गाडले गेले व २० हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. या घटनेचा जलवायुमानाच्या बदलाशी संबंध नव्हता. याउलट एखाद्या प्रदेशात विशिष्ट कालखंडातच असे थर पुनःपुन्हा साचले असतील व त्याच्या आधी आणि नंतर ते विरळ असतील, तर त्यामागे व्यापक कारण शोधावे लागते.

अशी कारणे मुख्यतः दोन आहेत. पहिले म्हणजे पर्जन्यमानातील बदल. पावसाचे एकूण प्रमाण वाढले नाही, तरी थोड्या वेळात कोसळणाऱ्या पावसाची तीव्रता वाढल्यास उतारावरील माती व दगड सुटतात. कोरड्या काळात वनस्पतींचे आवरण विरळ होऊन सुटा माल साचत जातो आणि त्यानंतर येणाऱ्या ओल्या काळात तो वाहून जातो. यामुळे कोरड्या काळाकडून ओल्या काळाकडे होणाऱ्या संक्रमणात हे प्रवाह विशेषेकरून आढळतात.

दुसरे कारण म्हणजे हिमनद्यांची माघार. हिमनदी दरीच्या बाजू खरवडून त्यांना तीव्र उतार देते व मोठ्या प्रमाणावर दगडमाती आणून टाकते. बर्फ वितळला म्हणजे बाजूंचा आधार जातो, हिमोढांचे (हिमनदीने आणलेल्या दगडमातीचे) ढीग उघडे पडतात, त्यांच्यामागे अडून राहिलेली सरोवरे फुटतात आणि वनस्पतींनी जमीन धरून ठेवण्यास अद्याप अवधी असतो. माल, उतार व पाणी या तिन्ही गोष्टी अशा वेळी एकत्र येतात. मायकेल चर्च व जून रायडर यांनी १९७२ मध्ये कॅनडातील प्रदेशांच्या अभ्यासावरून असे दाखविले, की हिमनद्या मागे हटल्यानंतरच्या काळात गाळाचा पुरवठा असाधारण वाढतो व उतार स्थिर होईपर्यंत तो हळूहळू कमी होत जातो. म्हणजे डबरप्रवाहांचा भर थंडी सर्वांत कडक असतानाच्या काळापेक्षा थंडी ओसरू लागल्यानंतरच्या काळात असतो.

अलीकडच्या काही हजार वर्षांतील निक्षेपांचे वय त्यांत सापडलेल्या लाकडातील वा कोळशातील किरणोत्सर्गी कार्बनावरून, तसेच वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला हे सांगणाऱ्या प्रकाशीय पद्धतीने काढतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या निक्षेपांच्या बाबतीत या पद्धती उपयोगी पडत नाहीत. तेथे थरांचा क्रम, जीवाश्म व परागकण आणि लगतच्या थरांतील ज्वालामुखी राखेचे वय यांवर विसंबावे लागते.

तालचेर शैलसमूह : या शैलसमूहाचे नाव ओडिशातील तालचेर या पूर्वीच्या संस्थानावरून पडले. तेथील कोळसाक्षेत्राचे सर्वेक्षण करताना विल्यम ब्लॅनफर्ड, हेन्री ब्लॅनफर्ड व विल्यम थिओबोल्ड यांना तळाशी एक विलक्षण थर आढळला. त्यात अतिशय बारीक चिखलात मोठमोठे गोलाश्म (गोलसर धोंडे) विखुरलेले होते. बारीक चिखल संथ पाण्यात साचतो, तर गोलाश्म वाहून नेण्यास प्रचंड वेग लागतो. ही दोन्ही एकाच थरात कशी आली, हे कोडे होते. त्यांनी १८५६ मध्ये बर्फाच्या कार्याने हा थर बनला असावा असे सुचविले. लुई आगासी यांचा हिमनद्यांवरील ग्रंथ १८४० मध्ये प्रसिद्ध झाला होता व यूरोपातही हिमयुगाची कल्पना अद्याप सर्वमान्य झाली नव्हती. अशा वेळी उष्ण कटिबंधातील भारतात बर्फ होते, हे म्हणणे धाडसाचेच होते.

तालचेर शैलसमूह सु. ३० ते २९ कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे कारबॉनिफेरस कल्पाच्या अखेरीच्या व पर्मियन कल्पाच्या आरंभीच्या काळातील आहे. गोंडवनी संघाचा हा सर्वांत खालचा गट होय. त्याच्या तळाशी गोलाश्म थर, त्यावर वालुकाश्म व हिरवट रंगाचे शेल असा सर्वसाधारण क्रम असतो. हे शेल उघड्यावर सुईसारख्या बारीक तुकड्यांत फुटतात. वालुकाश्मातील फेल्स्पाराचे कण पुष्कळदा ताजे, न कुजलेले असतात. उष्ण व दमट हवेत फेल्स्पाराची रासायनिक झीज होऊन त्याची माती होते. ते तसेच टिकून राहिले, यावरून त्या वेळची हवा थंड असली पाहिजे असा निष्कर्ष निघतो.

इरई येथील पुरावा : तालचेर थर हिमनदीशी निगडित आहेत याचा अधिक प्रत्यक्ष पुरावा चंद्रपूर जिल्ह्यात मिळाला. चंद्रपूरच्या पश्चिम-नैर्ऋत्येस, पैनगंगा व वर्धा यांच्या संगमाच्या परिसरात इरई गावाजवळ गोलाश्म थर पैनगंगा चुनखडक या पुष्कळ जुन्या खडकावर टेकलेला आहे (हे गाव चंद्रपूरजवळून वाहणाऱ्या इरई नदीहून वेगळे). ज्या ठिकाणी वरचा थर झिजून गेला आहे तेथे चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला दिसतो व त्यावर एकमेकांना समांतर असे चरे उमटलेले आहेत. गोलाश्मांपैकी काहींच्या बाजू घासून सपाट झालेल्या असून त्यांवरही ओरखडे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांनी या पुराव्याविषयीचे टिपण १८७५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९६३ मध्ये ए. जे. स्मिथ यांनी या ठिकाणाचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला.

या पुराव्याचे महत्त्व पुढील गोष्टीत आहे. बर्फाच्या तळाशी घट्ट रुतलेले दगड बर्फाच्या प्रचंड वजनाखाली खालच्या खडकावरून सावकाश ओढले जातात, तेव्हा कानशीने घासावे तसे लांब, सरळ व समांतर चरे उमटतात. डबरप्रवाहातील दगड सुटे असतात, ते गडगडतात, वळतात व एकमेकांवर आपटतात. त्यांच्यामुळे खालच्या खडकावर थोडेबहुत ओरखडे उमटू शकतात. पण विस्तृत पृष्ठभाग झिलई दिल्यासारखा गुळगुळीत होणे व त्यावर एकाच दिशेचे चरे असणे हे बर्फाचेच लक्षण मानले जाते.

हिमनदी की डबरप्रवाह : इरईचा चरे पडलेला पृष्ठभाग सापडल्यानंतर गोलाश्म असलेला प्रत्येक तालचेर थर हिमनदीने प्रत्यक्ष टाकलेला आहे, असे पुष्कळ काळ मानले जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही समजूत बदलली. समुद्रतळावरून घसरलेल्या चिखलातही गोटे विखुरलेले असतात, हे जॉन क्रोवेल यांनी १९५७ मध्ये दाखविले. रिचर्ड फ्लिंट, जॉन सँडर्स व जॉन रॉजर्स यांनी १९६० मध्ये अशा न निवडलेल्या खडकांसाठी डायामिक्टाइट ही संज्ञा सुचविली. खडक कसा बनला याविषयी ती काहीच गृहीत धरीत नाही, हा तिचा विशेष होय. शेर्मरहॉर्न यांनी १९७४ मध्ये जगातील अनेक तथाकथित प्राचीन हिमानी थर वस्तुतः उतारावरून घसरलेल्या मालाचे आहेत, असा युक्तिवाद केला.

यानंतर भारतातील तालचेर थरांचीही नव्याने छाननी झाली. झारखंड, ओडिशा व मध्य भारत यांतील खोऱ्यांत अनेक ठिकाणी गोलाश्म थर हिमनदीच्या मुखापाशी साचलेल्या मालाच्या डबरप्रवाहांनी सरोवरात किंवा उथळ समुद्रात पुन्हा वाहून नेलेले आढळले. मध्य प्रदेशातील उमरिया येथे तालचेर खडकांलगत सागरी जीवाश्मांचा थर सापडलेला असल्याने समुद्राचा शिरकाव काही भागांत झाला होता, हे निश्चित आहे. अशा थरांतील दगड हिमनदीने आणलेलेच असतात व त्यांवर चरेही असतात. पण थर मात्र डबरप्रवाहाचा असतो. म्हणून केवळ चरे असलेला दगड पुरेसा ठरत नाही. दगड त्याच्या पहिल्या प्रवासाची खूण अंगावर वागवीत असतो, शेवटच्या प्रवासाची नव्हे.

यामुळे आज अनेक लक्षणे एकत्र पाहून निर्णय केला जातो. (१) खालचा खडक घासलेला व समांतर चरे असलेला आहे काय. (२) थराच्या तळाशी व माथ्याशी लगतच्या बारीक गाळाशी कसा संबंध आहे. (३) बारीक पट्टेदार गाळात वरून पडलेले सुटे दगड आहेत काय. (४) दगडांचे लांब अक्ष एका दिशेने जुळलेले आहेत काय. यांतील तिसरे लक्षण विशेष निर्णायक आहे. तरंगणाऱ्या हिमखंडातून सुटलेला दगड तळावरील मऊ गाळात पडतो, तेव्हा त्याच्याखालील पट्टे दबून वाकतात व नंतरचे पट्टे त्याच्यावरून सरळ पसरतात. डबरप्रवाहाने अशी रचना निर्माण होत नाही.

बर्फाकडून कोळशाकडे : वर्धा खोऱ्यात तालचेर खडकांवर बाराकार शैलसमूह आहे. जाड कणांचे वालुकाश्म, कार्बनयुक्त शेल व कोळसा हे त्याचे घटक होत. बल्लारपूर, चंद्रपूर व घुग्गुस येथील कोळसा याच शैलसमूहातील आहे. ग्लॉसोप्टेरिस व गँगॅमोप्टेरिस या जिभेच्या आकाराची पाने असलेल्या वनस्पतींच्या दलदलींतून तो बनला. गोंडवनी खडकांतील जीवाश्मरूप खोडांत वार्षिक वलये दिसतात, यावरून ऋतुमान स्पष्ट होते व हवा समशीतोष्ण होती असे दिसते. म्हणजे जेथे हिमस्तर खडक घासत होता, त्याच प्रदेशात भूवैज्ञानिक दृष्ट्या अल्प अवधीनंतर दाट वनस्पती वाढल्या. त्यापुढील काळातील कामठी व विशेषतः मालेरी खडकांतील तांबड्या मातीवरून उष्ण व काही काळ कोरड्या हवेचा बोध होतो. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा परिसरात व प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात त्याहूनही नंतरच्या कोटा शैलसमूहात डायनोसॉरांचे जीवाश्म मिळाले आहेत. एवढा मोठा जलवायुमानबदल एकाच खोऱ्यात, खालून वर जाता जाता पाहावयास मिळतो.

या बदलाचे एक कारण म्हणजे भूखंडांचे स्थलांतर. भारत त्या वेळी दक्षिण गोलार्धात उच्च अक्षांशावर असून आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका यांना जोडलेला होता. दक्षिण आफ्रिकेतील ड्वायका थर, ऑस्ट्रेलियातील हॅलेट कोव्ह येथील चरे पडलेले खडक व ब्राझीलमधील इतारारे थर हे याच दीर्घ हिमयुगाचे अवशेष आहेत. आल्फ्रेड व्हेगेनर यांनी खंडविप्लवाची उपपत्ती मांडताना या थरांच्या वाटणीचा आधार घेतला. या जोडखंडाला मिळालेले नावही याच परिसराशी संबंधित आहे. गोंड राजांच्या प्रदेशावरून एच. बी. मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये या खडकांसाठी गोंडवन हे नाव सुचविले व एडुआर्ट झ्यूस यांनी पुढे ते संपूर्ण खंडासाठी वापरले. चंद्रपूर व बल्लारपूर ही गोंड राजांच्या राजधानीची स्थाने होती.

भूखंडाची गती अतिशय मंद असल्याने केवळ तिच्यामुळे बर्फ एवढ्या लवकर ओसरले नसते. वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण त्या हिमयुगात कमी होते व पर्मियन कल्पात ते वाढत गेले, असे जीवाश्म पाने व प्राचीन मृदा यांच्या अभ्यासावरून दिसते. यापूर्वीच्या काळात उत्तरेकडील खंडांवरील विस्तीर्ण दलदलींत पुष्कळ कार्बन गाडला गेला होता व ते हिमयुगाचे एक कारण मानले जाते. बल्लारपूरचा कोळसा हाही अशाच गाडल्या गेलेल्या कार्बनाचा साठा असून चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी तो जाळला जातो, तेव्हा तो पुन्हा वातावरणात जातो.

सद्यःकालीन घटना : प्राचीन निक्षेपांच्या अभ्यासाचा उपयोग आजचा धोका समजण्यासाठीही होतो. ऑगस्ट २०१० मध्ये लडाखमधील लेह येथे अल्पकाळ कोसळलेल्या तीव्र पावसाने चिखल व दगडांचे लोट आले. तेथील वस्तीचा काही भाग पूर्वीच्या अशाच लोटांनी बनलेल्या पंख्यांवर वसलेला आहे. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वर असलेले चोराबाडी सरोवर हिमोढाचा बांध फुटून रिकामे झाले व त्याच्या लोटाने मंदिराभोवतीची वस्ती उद्ध्वस्त केली. हिमनदीची माघार, उघडा पडलेला हिमोढ व अतिवृष्टी यांचा संयोग येथे स्पष्ट दिसतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये चमोली जिल्ह्यात कडा व बर्फ एकत्र कोसळून त्यांचे रूपांतर डबरप्रवाहात झाले.

महाराष्ट्रात हिमनद्या नाहीत. तेथे धोका मुख्यतः पावसाचा आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव अतिवृष्टीनंतर कोसळलेल्या दरडीच्या चिखलाखाली गाडले गेले व १५१ जणांचा बळी गेला. २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये व २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे अशाच आपत्ती ओढवल्या. सह्याद्रीतील बेसाल्ट खडक कुजून त्यावर मातीचे जाड आवरण तयार झालेले असते. ते पाण्याने संपृक्त झाल्यावर खालच्या घट्ट खडकावरून सुटते. डोंगरपायथ्याशी मातीत मोठे धोंडे अस्ताव्यस्त विखुरलेले असणे ही तेथे पूर्वी असे लोट येऊन गेल्याची खूण असू शकते. म्हणून वस्तीची जागा निवडण्यापूर्वी अशा निक्षेपांची पाहणी आवश्यक असते.

जतन : चरे पडलेले प्राचीन पृष्ठभाग दुर्मिळ असतात. मऊ चुनखडकावरील चरे उघड्यावर पाण्याने हळूहळू विरघळतात. चंद्रपूर परिसरातील चुनखडक सिमेंटसाठी व कोळसा विजेसाठी मोठ्या प्रमाणावर काढला जात असल्याने आसपासचे दृश्यांश नष्ट होण्याचा संभव असतो. गोलाश्म थर एकदा काढून टाकला, तर त्याचा व खालच्या पृष्ठभागाचा परस्परसंबंध कायमचा नाहीसा होतो. आणि तो थर हिमनदीचा की डबरप्रवाहाचा, हे ठरविण्यास नेमका तोच संबंध उपयोगी पडतो.